समुद्रातील शोभिवंत माशांचे बंदिस्त प्रजनन आणि पिल्लांचे संगोपन

(हैदराबाद येथील सुलतान बाजारात मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचा पाठ)

सुलतान बाजाराच्या भर वस्तीत समुद्रातील माशांवर भाषण ठेवावे, ही कल्पना प्रथमदर्शनी कोणालाही काहीशी चमत्कारिक वाटेल. या नगरीपासून मछलीपट्टणचा समुद्र तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जुन्या हैदराबाद राज्याला तर किनाराच नव्हता. १९५६ पर्यंत त्या राज्याचा भाग असलेल्या मराठवाड्यातील माणसाला समुद्र ही बहुधा पुस्तकात वाचावयाची वस्तू होती. पुस्तकांची मात्र येथे उणीव नव्हती. पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाणारा आणि १९३३ साली निजामाकडे परत आल्यावर सुलतान बाजार झालेला हा भाग मराठी वस्तीचे एक जुने ठाणे होय. १९२२ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय याच परिसरातले. येथील मराठी कुटुंबांचे कोकण, मुंबई आणि मराठवाडा यांच्याशी असलेले नाते अद्याप तुटलेले नाही, आणि प्रस्तुत विषयाचा संबंध कोकणच्या किनाऱ्याशी जितका आहे तितकाच शहरातील दिवाणखान्याशीही आहे.

शिवाय आज हैदराबाद समुद्राला अगदीच परके राहिलेले नाही. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचे मुख्य कार्यालय २००६ पासून याच शहरात असून त्याची माशाच्या आकाराची इमारत येणाऱ्याजाणाऱ्यांचे लक्ष वेधून घेते. मासेमारीस योग्य क्षेत्रे कोणती, समुद्राचे तापमान किती वाढले, प्रवाळ पांढरे पडण्याचा धोका कोठे आहे, याची वार्ता देशाच्या साऱ्या किनाऱ्याला पुरविणारे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रही १९९९ पासून येथेच आहे. मालवणच्या कोळ्याला आपल्या दारातल्या समुद्राची खबर हैदराबादेहून मिळावी, हा काळाचा एक विनोदच म्हणावयाचा.

तरीही येथील सामान्य माणसाला मासा म्हटले की तलावातला मरळ आठवतो. मृगाच्या दिवशी या शहरात जिवंत मरळाच्या पिल्लांसाठी उसळणारी गर्दी सर्वश्रुत आहे. घरात काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौसही पुष्कळांना असते. परंतु ते मासे गोड्या पाण्यातले: गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल. हे मासे निसर्गातून धरून आणलेले नसतात. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मासे तलावांत आणि टाक्यांत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. त्यांतील बहुतेक सारे मासे आजही समुद्रातील प्रवाळखडकांवरून पकडून आणले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमातर्फे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार या व्यापारात १,४७१ जातींचे मासे होते आणि दरवर्षी सुमारे २ कोटी ते २ कोटी ४० लक्ष मासे विकले जात होते.

हे मासे पकडतात कसे, हे जाणून घेतल्यावाचून या विषयाचे गांभीर्य ध्यानात येत नाही. जाळ्याने एकेक मासा अलगद धरणारे कुशल पाणबुडे आहेतच. परंतु फिलिपाइन्स देशात १९६० नंतरच्या दशकात एक भयंकर रीत सुरू झाली आणि ती पुढे इतरत्र पसरली. सायनाइड या विषाचा पाण्यातील द्राव प्रवाळाच्या फटीत पिचकारीने मारावयाचा आणि गुंगी येऊन बाहेर पडलेले मासे वेचून घ्यावयाचे. जो मासा जगतो त्याचेही आतडे व यकृत दुखावलेले असते, म्हणून हौशी माणसाच्या घरी तो काही आठवड्यांतच मरतो. हौशी माणूस आपल्या हातून काही चुकले असे समजून दुसरा मासा आणतो. ज्या प्रवाळावर ते विष पडले तो प्रवाळही मरतो, आणि त्याबरोबर तेथे वाढणाऱ्या, माणसाच्या पोटात जाणाऱ्या माशांचा आसराही जातो.

आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ फार नाहीत, पण जे आहेत ते मोलाचे आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर भर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारा अँग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा असून त्यावर विस्तीर्ण प्रवाळ आहेत. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचीत स्थान देण्यात आले. ते पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. पण कायद्याने मनाई केली म्हणून हौस थांबत नाही आणि किनाऱ्यावरील माणसाची चूलही पेटत नाही. दोन्ही गोष्टींची सोय लावणारा मार्ग एकच: जे मासे लोकांना हवे आहेत, ते समुद्राला हात न लावता टाकीत जन्माला घालणे आणि वाढविणे. हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि ऐकून भीती वाटावी इतके अवघडही नाही.

या कामाची सुरुवात ज्या माशापासून होते तो क्लाउनफिश. मराठीत त्याला विदूषक मासा म्हणावयास हरकत नाही. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा बोटभर मासा २००३ साली निघालेल्या एका अमेरिकन चित्रपटामुळे जगभरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. संस्कृत नाटकातील विदूषक राजाच्या सावलीत वावरतो. हा विदूषक समुद्रफुलाच्या सावलीत वावरतो. समुद्रफूल हे नावानेच फूल. वस्तुतः तो एक प्राणी असून त्याच्या हातांना विषारी काटे असतात. इतर मासे त्यांना स्पर्श करताच जायबंदी होतात. विदूषक माशाच्या अंगावरील बुळबुळीत लेपामुळे त्याला मात्र इजा होत नाही. तो त्या विषारी हातांतच घर करतो आणि आपल्या यजमानाचे रक्षणही करतो.

त्याच्या कुटुंबाची रचना मोठी विलक्षण आहे. एका समुद्रफुलात राहणाऱ्या समूहातील सर्वांत मोठा मासा मादी असतो, त्याखालोखालचा नर, आणि बाकीचे सारे न वाढलेले, न नर न मादी. मादी मेली की नर स्वतःच मादी होतो आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठा त्याच्या जागी नर म्हणून बसतो. हान्स आणि सिमोन फ्रिके या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७७ साली हे सप्रमाण दाखवून दिले. संगोपन करणाऱ्याच्या दृष्टीने ही फार सोयीची बाब होय. नर कोणता आणि मादी कोणती, हे ओळखत बसण्याचे कारण नाही. एकाच जातीची पाचसहा लहान पिल्ले सुमारे पाचशे लिटरांच्या टाकीत सोडली की काही महिन्यांत त्यांच्यातली दोन वाढतात, इतरांना हुसकावू लागतात, आणि जोडी जमते. जमलेली जोडी वेगळ्या टाकीत ठेवावी. बंदिस्त अवस्थेत समुद्रफूल असले तर उत्तम, नसले तरी अडत नाही. मातीची कुंडी आडवी ठेवली तरी ही जोडी तिला घर मानते.

या जोडीला समुद्रातल्यासारखे पाणी लागते. क्षारांचे प्रमाण हजार भागांत ३३ ते ३५ भाग, तापमान २६ ते २९ अंश सेल्सिअस, आणि पाणी किंचित अल्कधर्मी, म्हणजे पीएच ८ ते ८.३. अन्न म्हणून कोळंबी, शिनाणे आणि तिसऱ्या यांचे उकडून बारीक केलेले मांस, माशांची गाबोळी, असे दिवसातून तीनचार वेळा थोडथोडे द्यावे. कोकणातल्या घरात यातले काहीच दुर्मीळ नाही. उरलेले अन्न टाकीत राहू देणे ही मात्र या धंद्यातील पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय. कुजलेल्या अन्नातून अमोनिया होतो आणि अमोनियाने मासा गुदमरतो. टाकीच्या गाळणीत वाढणारे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. परंतु या जीवाणूंची वस्ती स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता टाकी भरताच मासे सोडणाऱ्याचे मासे मरतात, आणि दोष मात्र माशांवर येतो.

सर्व काही नीट असेल तर काही महिन्यांनी एके दिवशी नर टाकीतली एक फरशी किंवा कुंडीची बाजू तोंडाने घासून स्वच्छ करू लागतो. दोनचार दिवस ही झाडलोट चालते. मग दिवसाउजेडी मादी त्या जागेवर अंडी चिकटवत जाते आणि नर तिच्या मागोमाग ती फळवत जातो. तासदीड तासात काम आटोपते. एका वेळी तीनशेपासून हजारापर्यंत अंडी पडतात. अंडे लांबट, दोनतीन मिलिमीटर लांबीचे आणि एका बारीक देठाने फरशीला धरलेले असते. पहिले दोन दिवस रंग केशरी, नंतर काळपट, आणि सातव्या दिवसाच्या सुमारास चांदीसारखी चकाकी. ही चकाकी म्हणजे आतल्या पिल्लांचे डोळे. या साऱ्या काळात नर आपल्या परांनी अंड्यांवर पाणी घालीत राहतो आणि मेलेली अंडी वेचून खातो. त्याच्याइतकी काळजी माणसाला घेता येत नाही, म्हणून अंडी शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्याकडेच ठेवणे शहाणपणाचे. जोडी एकदा अंडी घालू लागली की साधारणतः दर दोन आठवड्यांनी घालते.

सातव्या किंवा आठव्या दिवशी सूर्यास्तापूर्वी अंड्यांसह ती फरशी उचलून पिल्लांच्या टाकीत ठेवावयाची, जवळ हवेचा बारीक बुडबुडा सोडावयाचा आणि संपूर्ण काळोख करावयाचा. पिल्ले अंधारातच बाहेर पडतात. त्या रात्री कुतूहलाने वारंवार बत्ती लावून पाहणाऱ्याच्या हाती सकाळी न फुटलेली अंडी येतात.

येथवरचे काम नर आणि मादी यांनी केले. यापुढचे माणसाला करावयाचे आहे, आणि या विद्येचे सारे मर्म त्यातच आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू, शास्त्रीय परिभाषेत डिंभ, तीनचार मिलिमीटर लांब, काचेसारखे पारदर्शक आणि नुसते डोळेच डोळे असे असते. आईबापांसारखे त्यात काहीच नसते. समुद्रात ते वरच्या थरात वाहत जाते आणि तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, टिपून जगते. त्याच्याजवळ अन्नाची शिदोरी फारच थोडी असते. अंड्यातून निघाल्यावर लवकरच त्याच्या तोंडासमोर, त्याच्या तोंडात मावेल एवढे आणि हालचाल करणारे भक्ष्य असावे लागते. मेलेले अन्न त्याला दिसतच नाही. कोरडी भुकटी टाकीत टाकून पिल्ले वाढवू पाहणाऱ्यांची पिल्ले तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत, भरल्या ताटासमोर उपाशी मरतात.

म्हणून मत्स्यबीज केंद्रात माशांच्या आधी माशांचे अन्न पिकवावे लागते. प्रथम नॅनोक्लोरॉप्सिस नावाचे एकपेशीय शैवाल काचेच्या बरण्यांत आणि पिंपांत, प्रकाशात, हवा देऊन वाढवितात. पाणी पालवीसारखे हिरवे होते. या शैवालावर रोटिफर नावाचा सूक्ष्म जीव पोसतात. तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत मोठा असतो, संथ पोहतो आणि अनुकूल स्थितीत एकदोन दिवसांत संख्येने दुप्पट होतो. पिल्लांना पहिला घास या रोटिफरचा. पिल्लांच्या टाकीत दर मिलिलिटरला सहा ते दहा रोटिफर सतत असावेत असा प्रघात आहे. एक थेंब भिंगाखाली धरून ते मोजता येतात. शाळेतील साधा सूक्ष्मदर्शक या कामास पुरेसा आहे, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. रोटिफर उपाशी असेल तर तो रिकामा डबा समजावा: पिल्लू तो गिळते, पोट भरल्यासारखे दिसते, पण अंगी काही लागत नाही. शैवाल खाऊन हिरवे पोट झालेला रोटिफरच उपयोगाचा. टाकीच्या पाण्यातही थोडे शैवाल सोडतात. त्यामुळे रोटिफर ताजे राहतात आणि उजेडही मंदावतो. टाकीच्या बाजू काळ्या असाव्यात, कारण पारदर्शक काचेतून येणाऱ्या उजेडाकडे धाव घेऊन पिल्ले भिंतीवर डोके आपटतात.

साधारण आठव्या दिवसापासून रोटिफरच्या जोडीला आर्टेमिया येतो. त्याची वाळलेली अंडी डब्यातून विकत मिळतात आणि खाऱ्या पाण्यात टाकून हवा दिली की सुमारे चोवीस तासांत त्यांतून केशरी रंगाचे जिवंत जीव बाहेर पडतात. हा घास मोठा आणि पौष्टिक. पण माशाच्या मज्जातंतूंच्या वाढीस लागणारी काही स्निग्धाम्ले त्यात मुळात कमी असतात, म्हणून तोही आधी पौष्टिक द्रावात ठेवून मगच देतात.

बाराव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान तो क्षण येतो, ज्यासाठी केंद्रातील मंडळी रात्रीचा दिवस करतात. पारदर्शक पिल्लाच्या अंगावर प्रथम केशरी छटा चढते आणि मग डोक्यामागे एक पांढरा पट्टा उमटतो. आजवर वरच्या थरात वाहणारे पिल्लू तळाकडे येते आणि आडोसा शोधू लागते. या रूपांतरणाच्या आसपास मृत्यूची दुसरी मोठी लाट येते. पहिल्या लाटेचे कारण उपासमार. दुसरीचे कारण बहुधा आधीच्या दहा दिवसांतील आबाळ, जी तोवर डोळ्यांना दिसलेली नसते. नवख्या माणसाचा धीर येथेच सुटतो. पट्टा उमटलेले पिल्लू मात्र सहसा दगा देत नाही. हळूहळू ते बारीक केलेले मांस आणि कोरडे अन्न स्वीकारते, आणि तीनचार महिन्यांत विक्रीस योग्य होते.

हे सारे आपल्याला कोठून अवगत झाले? अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मार्टिन मो यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी क्लाउनफिशची पैदास विक्रीच्या प्रमाणावर करून दाखविली. भारतात १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम, विळिंजम आणि कोची येथील आपल्या केंद्रांत क्लाउनफिशच्या अनेक जाती आणि त्यांचेच भाऊबंद असलेले डॅमसेल मासे यांच्या प्रजननाच्या पद्धती बसविल्या. डॅमसेलची पिल्ले अधिक लहान, त्यांचे तोंड एवढे बारीक की रोटिफरही मावत नाही. त्यांना कोपेपॉड नावाच्या प्लवकाची नवजात पिल्ले द्यावी लागतात, आणि कोपेपॉड पिकविणे रोटिफरहून कितीतरी नाजूक काम. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रघोड्याच्या संगोपनावर काम झाले. हा प्राणी कायद्याने संरक्षित असल्याने त्याचे संगोपन हा संस्थांचा विषय आहे, घरगुती धंद्याचा नव्हे. जे मासे आपली अंडी फरशीला न चिकटविता उघड्या पाण्यात सोडून देतात त्यांच्यापुढे तर मोठमोठ्या प्रयोगशाळांनीही वर्षानुवर्षे हात टेकले होते. हवाई बेटांतील पिवळा टँग मासा टाकीत पुरता वाढविण्यात तेथील ओशनिक इन्स्टिट्यूटला २०१५ साली यश आले आणि निळ्या टँगच्या बाबतीत फ्लॉरिडा विद्यापीठाला २०१६ साली. यावरून क्लाउनफिशपासूनच आरंभ का करावा, हे निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा काचेच्या पेट्यांपासून सुरू होते. मुंबईच्या चौपाटीलगत तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले आणि कित्येक पिढ्यांनी समुद्रातला मासा जिवंत प्रथम पाहिला तो तेथे. रत्नागिरीस १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र असून ते पुढे कोकण कृषी विद्यापीठाचा भाग झाले. तेथील मत्स्यालय पाहिल्यावाचून शाळांच्या सहली सहसा परतत नाहीत. पैदाशीच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल अलीकडचे आहे. राज्य वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी संलग्न असलेल्या कांदळवन प्रतिष्ठानाने लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने नवी मुंबईतील ऐरोली येथे समुद्री शोभिवंत माशांचे बीज केंद्र उभारले. याच ब्यूरोने लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर स्थानिक महिलांच्या गटांना शोभिवंत कोळंबी आणि क्लाउनफिश वाढविण्याचे काम शिकविले होते.

या व्यवस्थेतील श्रमविभागणी समजून घेण्यासारखी आहे. जोड्या सांभाळणे, शैवाल आणि रोटिफर पिकविणे, पहिल्या काही आठवड्यांची जोखीम पत्करणे, हे सारे केंद्राने करावयाचे. पट्टे उमटलेली, अन्न खाऊ लागलेली पिल्ले गटांकडे सोपवावयाची, आणि गटाने ती आपल्या छपराखालील टाक्यांत विक्रीच्या आकाराची होईपर्यंत वाढवावयाची. गावातील बाईने रात्री उठून रोटिफर मोजत बसावे अशी अपेक्षा नाही. कुक्कुटपालनात अंडी उबविण्याचे यंत्र प्रत्येक घरी नसते, एक दिवसाची पिल्ले बाहेरून येतात, तद्वतच हे. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना राज्य शासनाने २०१७ साली सुरू केली तेव्हा खेकडापालन, कालवे व शिनाणे यांची शेती, निसर्ग पर्यटन यांच्या जोडीला शोभिवंत माशांचे संवर्धनही तीत समाविष्ट झाले, आणि गटांच्या प्रकल्पांना खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत शासनाचा वाटा ठेवण्यात आला. केंद्र शासनाच्या २०२० सालच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही शोभिवंत माशांसाठी तरतूद आहे.

मात्र योजना आहे म्हणून धंदा होतो, असे मानणाऱ्यांना येथे सावध करणे अवश्य आहे. हिशेब कागदावर मोहक दिसतो. समजा, एका जोडीने महिन्यातून दोनदा पाचपाचशे अंडी दिली आणि निम्मी पिल्ले जगली, तर वर्षाकाठी एका जोडीपासून सहा हजार मासे. परंतु पहिल्या वर्षी निम्मी जगत नाहीत. जोडी जमण्यास महिने लागतात. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला तर काही तासांत टाकीतील सारी पिल्ले जातात. म्हणून बॅटरीवर चालणारा पंप जवळ नसेल त्याने या वाटेस जाऊ नये. सर्वांत मोठा प्रश्न ग्राहकाचा. समुद्री मासा भाजीसारखा गावच्या बाजारात खपत नाही. त्याचा ग्राहक मुंबई, पुणे, बंगळूर आणि हैदराबाद अशा शहरांत आहे, आणि तो ग्राहक टाकीत जन्मलेला मासा आणि समुद्रातून ओरबाडलेला मासा यांतील भेद जाणणारा असल्याखेरीज संगोपन करणाऱ्याच्या श्रमाचे चीज होत नाही. अधिकाऱ्यांनी टाक्या वाटण्याआधी विक्रीची साखळी बांधावी. टाक्या वाटणे सोपे असते, त्यांची छायाचित्रेही चांगली येतात; सहा महिन्यांनी त्या टाक्यांत पाणी आहे की पावसाळी लाकडे, हे पाहण्यास कोणी जात नाही.

येथील ग्राहकाच्या अंगी हा भेद ओळखण्याची सवय लागावी, म्हणून हे भाषण सुलतान बाजारात आहे. दुकानात मासा घेताना तो कोठला, हे विचारावे. बीज केंद्रातला क्लाउनफिश बहुधा एकसारख्या आकाराच्या पिल्लांत दिसतो, माणूस जवळ आला की अन्नाच्या आशेने पुढे येतो आणि कोरडे अन्न खातो. समुद्रातून नुकताच आणलेला मासा भेदरून कोपरा धरतो. दुकानदाराला अन्न टाकून दाखविण्यास सांगावे; जो मासा खात नाही तो घेऊ नये. जिवंत प्रवाळ कोणी देऊ केला तर तो मुळीच घेऊ नये.

समुद्र नसलेल्या गावात समुद्राचे पाणी कोठून आणावयाचे, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात आला असेल. ते करावयाचे असते. समुद्री क्षारांचे तयार मिश्रण बाजारात मिळते. शंभर लिटर पाण्यास सुमारे साडेतीन किलो लागते. खाण्याचे मीठ त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर अनेक द्रव्ये ठरावीक प्रमाणात असतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि येथील कूपनलिकांच्या पाण्यात जडपणा असतो, म्हणून पाणी गाळून, शुद्ध करून मगच मिश्रण घालावे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टाकी घरातील सर्वांत थंड खोलीत हलवावी. एक चूक बहुतेक सर्वांकडून होते. उन्हाने पाणी आटते, पातळी खाली जाते, आणि माणूस खाऱ्या पाण्याची भर घालतो. आटते ते पाणी, क्षार नव्हे. भर गोड्या पाण्याचीच घालावयाची. अन्यथा महिन्याभरात टाकीचा मृत समुद्र होतो.

टाकी ठेवणे जमले नाही, तर मासे कोणत्याही तलावात वा समुद्रात सोडून देऊ नयेत. गोड्या पाण्यातील सकर मासा असाच हौशी पेट्यांतून बाहेर पडला आणि आज उजनी जलाशयातील मच्छीमारांची जाळी फाडीत आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९८५ साली प्रथम दिसलेला लायनफिश मूळचा हिंद आणि प्रशांत महासागरांतला. तो पेट्यांतूनच तेथे गेला असावा असे मानतात, आणि तेथील स्थानिक माशांचा तो काळ ठरला आहे.

कोकणच्या टाकीतून निघालेला मासा हैदराबादेस कसा पोहोचतो, तेवढे सांगावयाचे राहिले. पाठवणीपूर्वी एकदोन दिवस त्याला उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत तो पाणी घाण करीत नाही. प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से प्राणवायू भरून, प्रत्येक मासा स्वतंत्र ठेवून, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात बसवितात. मुंबईहून रात्री निघालेले खोके दुसऱ्या दिवशी येथे येते. घरी आल्यावर पिशवी न उघडता वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हीकडचे तापमान सारखे होते. नंतर ती उघडून टाकीतले पाणी तीत थोडेथोडे, तासभर घालीत राहावे, आणि मग मासा हलक्या हाताने जाळीत घेऊन टाकीत सोडावा; पिशवीतले पाणी फेकून द्यावे. त्या संध्याकाळी टाकीवर दिवा लावू नये आणि अन्नही देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमूटभर टाकून पाहावे.